सांकेतिक भाषा शिकणाऱ्याला वक्तृत्व कशाला?

सांकेतिक भाषा शिकणाऱ्याचे सारे काम हातांचे, त्यामुळे त्याला सभेत बोलण्याचा सराव लागत नाही, असा समज वर्षानुवर्षे चालत आला आहे. तो चुकीचा आहे, कारण ही भाषा शिकणारे काहीजण पुढे दुभाषी होतात. कर्णबधिर वक्ता व्यासपीठावरून संकेतांत बोलतो, तेव्हा त्याचे विचार ऐकणाऱ्यांपर्यंत दुभाष्याच्याच आवाजातून पोहोचतात, आणि तो आवाज चाचरला, तर अडखळलेला दुभाषी असला तरी श्रोत्यांना वक्ताच कच्चा वाटतो. हा अन्याय मला फार गंभीर वाटतो.

शिवाय संकेतांतही वक्तृत्व असतेच. या भाषेला स्वतःची रचना आहे, हे भाषाशास्त्रज्ञ विल्यम स्टोकी यांनी १९६० मध्ये अमेरिकी सांकेतिक भाषेच्या अभ्यासातून दाखवले. त्या भाषेत भुवया उंचावल्या की विधानाचा ‘हो-नाही’ प्रश्न होतो, म्हणून भीतीने चेहरा गोठला तर व्याकरणच बिघडते. सभागृहात शेवटच्या रांगेलाही दिसावेत यासाठी संकेत मोठे आणि थोडे सावकाश करावे लागतात. दोन मुद्द्यांमध्ये हात क्षणभर पोटाशी स्थिर ठेवणे हा तेथला विराम होय, आणि घाबरलेला विद्यार्थी बहुधा तोच गाळतो.