टाइनमची शाळा आणि दारावरची चिठ्ठी

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याला डॉर्सेटमध्ये टाइनम नावाचं गाव आहे. गाव म्हणजे आता चर्च, शाळा आणि छप्पर उडालेल्या दगडी भिंती. शाळेत बाकं मांडलेली, त्यांवर मुलांच्या निसर्ग-निरीक्षणाच्या वह्या, आणि कोट अडकवायच्या खुंट्यांपाशी मुलांची नावं. बघणाऱ्याला वाटतं, पोरं आत्ताच जेवायला घरी गेलीत. ही मांडणी मात्र नंतर केलेली आहे.

गावची जमीन 1683 पासून बॉन्ड घराण्याची. चर्चचा पाद्रीही एकेकाळी याच घराण्यातला होता आणि एकोणिसाव्या शतकात शाळाही त्यानेच बांधली. बाकी सगळे भाडेकरू. कुणी शेतावर राबायचा, कुणी जवळच्या वरबॅरोच्या उपसागरात मासे पकडायचा, बायकांना मोठ्या घरचं धुणं आणि घरकाम. वीज कधी आलीच नाही. आठवणी सांगणाऱ्यांना समुद्र आणि ओढा आठवतो, पाणी भरायची दगदग त्यांच्या आयांना आठवत असणार.

डिसेंबर 1943 मध्ये गाव रिकामं झालं. शेजारच्या लुलवर्थला पहिल्या महायुद्धापासून रणगाड्यांचा गोळीबार सराव चालायचा. फ्रान्समधल्या नॉर्मंडीवर सैन्य उतरवायच्या तयारीसाठी जागा वाढवून हवी होती. नोव्हेंबरमध्ये नोटिसा आल्या, नाताळाच्या आत निघायचं होतं. गाव आणि आसपासची वस्ती मिळून दोनशेहून अधिक माणसं उठली. जाताना चर्चच्या दारावर चिठ्ठी लावली होती: चर्च आणि घरं जपा, पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली घरं युद्ध जिंकण्यासाठी सोडतोय, एक दिवस परत येऊ.

परत कुणी आलं नाही. 1948 मध्ये सरकारने सक्तीने जमीन घेतली. मोबदला मालकाला, भाडेकरूंच्या वाट्याला परसातल्या भाजीपाल्याची किंमत. कागदावर गावकऱ्यांचं काहीच नव्हतं, म्हणून युद्धानंतर परत येऊ देऊ, या त्यांना दिलेल्या शब्दालाही कोर्टात वजन नव्हतं. माझ्या मते या गोष्टीतला खरा अन्याय इथे आहे, पण लोकांना चिठ्ठीच लक्षात राहते.

आणखी एक गोष्ट सहसा निसटते. शाळा बंद पडली ती 1932 मध्ये, मुलं पुरेशी उरली नाहीत म्हणून. सैन्य आलं त्याच्या अकरा वर्षं आधी. उरलेली पोरं मग कॉर्फ कॅसलच्या शाळेत जाऊ लागली. म्हणजे आठवणींमधलं गजबजलेलं टाइनम नोटिशीच्या कितीतरी आधीचं आहे. 1943 मध्ये उठलं ते आधीच पातळ होत चाललेलं गाव. युद्ध झालं नसतं तर तिथे आज बहुधा शहरवाल्यांची सुट्टीची घरं असती.

विल्टशरमधल्या इंबर गावाचीही गत तीच, महिनाही तोच. तिथला लोहार ऐरणीवर डोकं टेकून रडताना सापडला, असं सांगतात.

टाइनम सोडवायची चळवळ 1968 मध्ये उभी राहिली. 1973 मध्ये सरकारच्याच समितीने लुलवर्थची जमीन मोकळी करावी असं सुचवलं, पुढच्या वर्षी सरकारने नकार दिला. त्या रेट्यामुळे लोकांना आत जायला वाट मात्र मिळाली. नांगर आणि कीटकनाशकं इतकी वर्षं लांब राहिल्याने तिथली रानफुलं, पाखरं टिकली.

तोफा बंद असतात त्या दिवशी, म्हणजे बहुतेक शनिवार-रविवारी, फाटक उघडतं.