ठासणीची लांब रायफल : नळीची लांबी आणि नळी आखूड करण्याची प्रथा

तोंडाकडून दारू आणि गोळी भरायच्या रायफलीला नळी किती लांब असावी, आणि हाती आलेली लांब नळी कापावी की नाही, हा उत्तर अमेरिकेतील बंदूककारांपुढचा अठराव्या शतकापासूनचा प्रश्न. या नोंदीत मुख्यतः पेनसिल्व्हेनियाची लांब रायफल (लोकप्रिय नाव केंटकी रायफल) आणि तिच्यापासून निघालेल्या आखूड प्रकारांचा विचार केला आहे.

जर्मन भाषक प्रदेशांतून आलेल्या कारागिरांनी येगर जातीची (जर्मन शिकाऱ्यांची आखूड) रायफल सोबत आणली. तिची नळी साधारणपणे २४ ते ३२ इंच आणि गोळी जाड. पेनसिल्व्हेनियात, विशेषतः लँकेस्टरच्या आसपास, तीच नळी ४० ते ४६ इंचांपर्यंत गेली आणि तिचा बोअर (नळीच्या पोकळीचा व्यास) हळूहळू लहान होत गेला. हा बदल नेमका केव्हा झाला हे वादग्रस्त आहे. स्थानिक परंपरा त्याचे श्रेय मार्टिन मायलिन या कारागिराला आणि १७१९ च्या सुमारास उभारलेल्या त्याच्या कर्मशाळेला देते. मात्र तेथील उत्खननात लोहारकामाच्या खुणा मिळाल्या, बंदूककामाच्या नाहीत. त्यामुळे हे श्रेय जपूनच घ्यावे. स्वाक्षरी आणि साल दोन्ही असलेल्या जुन्या रायफली मोजक्याच आहेत. ख्रिश्चन्स स्प्रिंग येथील मोरेव्हियन (एक प्रोटेस्टंट पंथ) वसाहतीतला जॉन क्रिश्चन ऑर्टर याची १७७५ ची रायफल त्यांपैकी एक, आणि तोपर्यंत लांब नळी चांगलीच रुळलेली दिसते.

नळी लांबली कशामुळे, याचे जुन्या संदर्भग्रंथांतले ठरलेले उत्तर म्हणजे दारूचे ज्वलन. काळी दारू (सोरा, कोळसा आणि गंधक यांचे साधारण ७५:१५:१० मिश्रण) पूर्ण जळायला लांब नळी हवी, असे सांगितले जाते. यात तथ्य आहे, पण बेताचे. नळीबरोबर गोळीचा वेग वाढतो खरा. मात्र दर पुढच्या इंचाला ही वाढ घटत जाते, आणि येगरची आखूड नळीही मोठ्या शिकारीला पुरत होतीच. पक्ष्यांच्या शिकारीसाठीच्या आणि मूळ रहिवाशांशी व्यापारासाठीच्या लांब इंग्लिश बंदुका तेव्हा वसाहतींत सर्वत्र होत्या आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्याला तीच ठेवण सवयीची होती, हे दुसरे मत अधिक पटणारे आहे. नेमबाजीचा फायदा त्यात भर घालतो. मागची खाच आणि पुढची माशी यांत ३० इंच अंतर असेल, तर नेम धरताना झालेली ०.०१ इंचाची चूक १०० यार्डांवर १.२ इंच होते. अंतर २४ इंच असेल तर दीड इंच. नळी स्वतः अधिक अचूक होते असे मात्र नाही.

नळीची निवड गिऱ्हाइकाची उंची आणि त्याचे काम पाहून होई. दस्ता (बंदुकीचा लाकडी भाग) जमिनीवर टेकवून उभ्याने ठासायचे असल्याने ४२ इंची नळीचे तोंड मध्यम उंचीच्या माणसाच्या हनुवटीशी येते. त्याहून लांब नळीत गज (दारू-गोळी ठासायची काठी) घालणे अवघड. पायी शिकाऱ्याला तोंडाकडचे वजन नेम स्थिर ठेवायला उपयोगी पडते, तर घोडेस्वाराला ते नकोसे होते.

नळी कापण्याची कारणे तीन. वर्षानुवर्षे गज घासून तोंडाजवळच्या खाचा (गोळीला फिरकी देणाऱ्या, नळीच्या आतल्या पिळाच्या रेघा) झिजत. कान (दारूला विस्तव पोहोचवणारे बुडाजवळचे छिद्र) जळून मोठा होई आणि बुडाकडचा भाग गंजाने पोखरला जाई. किंवा नवा मालक घोड्यावरून हिंडणारा असे. तोंडाकडून कापणे सोपे, परंतु तोंड अक्षाला काटकोनात येऊन त्याची कड सर्व बाजूंनी सारखी उतरली नाही तर गोळी एका बाजूला ओढली जाते. माशीसाठी नवी खाच पाडावी लागते, तिची उंची पुन्हा जमवावी लागते, आणि गज व दस्त्याचा पुढचा भागही छाटावा लागतो. बुडाशी जाड, मध्ये बारीक आणि तोंडाशी पुन्हा किंचित फुललेली अशी घडण असलेल्या नळीचा तोल तोंड कापल्याने बिघडतो. ती बुडाकडून कापावी, तर बुडाचे तोंड बंद करणाऱ्या बुचाचे आटे आणि कान नव्याने पाडावे लागतात, शिवाय दस्त्यातल्या खिळी सरकतात. ठिणगी पाडणाऱ्या गारेऐवजी स्फोटक टोपीने बार काढणारी चापाची कळ बसवताना मात्र पुष्कळ कारागिरांनी हाच मार्ग घेतला, कारण जळका कान आपोआप निघून जाई. खाचांचा पीळ कापल्याने बदलत नाही. ४८ इंचांत एक फेरा असा पीळ असेल तर ४२ इंचांच्या नळीतही गोळी पूर्ण फेरा घेत नाही, आणि ३६ इंचांत पाऊण घेते.

या प्रथेचे सर्वांत चर्चिलेले उदाहरण म्हणजे लुइस आणि क्लार्क मोहिमेच्या (अमेरिकी सरकारने पश्चिमेच्या शोधासाठी पाठवलेल्या) रायफली. मेरिवेदर लुइस मार्च १८०३ मध्ये हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्रागारात गेला आणि त्याने तेथून १५ रायफली घेतल्या. या १८०३ नमुन्याच्या, ३३ इंची नळीच्या होत्या, असे पूर्वी धरून चालत. अडचण कालक्रमाची आहे. आखूड रायफल अधिक सोयीची असल्याची खात्री पटली आहे आणि नळी २ फूट १० इंचांहून लांब नसावी, असे युद्धमंत्री हेन्री डिअरबॉर्न याचे शस्त्रागाराचा अधीक्षक जोसेफ पर्किन याला लिहिलेले पत्र २५ मे १८०३ चे आहे. लुइस त्याआधीच निघाला होता. म्हणून १७९२ नंतर कंत्राटाने घेतलेल्या, सुमारे ४२ इंची नळीच्या रायफली कापून त्याला दिल्या, असे दुसरे मत आहे. ११ ऑगस्ट १८०६ रोजी मोहिमेतलाच सहकारी क्रुझात याच्या हातून लुइस जखमी झाला, तेव्हा चामडी विजारीत अडकलेली गोळी ‘आखूड रायफली’ची असल्याचे त्याने स्वतः नोंदवले आहे, म्हणजे रायफली आखूड होत्या, एवढे तरी निश्चित. पत्रातली खात्री आधीच्या चाचणीतून आली असावी आणि नमुन्याच्या पहिल्या प्रती लुइसला मिळाल्या असाव्यात, असा प्रतिवाद होतो. निर्विवाद ओळख पटलेली एकही रायफल शिल्लक नसल्याने कापलेल्या नळीचे मत तूर्त सरस म्हणावे लागते.

याच सुमारापासून आखूड नळी मुळातच तशी घडवली जाऊ लागली. इंग्लंडच्या बेकर रायफलीची (१८००) नळी ३० इंच होती. सेंट लुइसच्या जेकब आणि सॅम्युएल हॉकन बंधूंच्या डोंगरी रायफलींची नळी बहुधा ३४ ते ३६ इंच, पण जाड आणि जड असे. मूळ रहिवाशांनी कापलेल्या व्यापारी बंदुकांना हल्ली लावले जाणारे ‘कनू गन’ (होडीतली बंदूक) हे नाव संग्राहकांचे दिसते. नळीचे कापलेले तुकडे चपटे करून कातडे खरवडण्याची हत्यारे केली जात.

संग्रहालयातली नळी कापलेली आहे का, हे गज अडकवण्याच्या नळकांड्यांमधील असमान अंतर, रिकामी राहिलेली खाच आणि तोंडापासून माशीपर्यंतचे वाजवीपेक्षा कमी अंतर यांवरून ओळखता येते.

भारतात ठासणीची बंदूक आजही परवान्यावर, विशेषतः कोकणात शेतीच्या संरक्षणासाठी, बाळगली जाते. ती बहुधा खाचांविना गुळगुळीत नळीची असते. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ६ नुसार अग्निशस्त्राची नळी आखूड करण्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो.