टेस्टनेटच्या नाण्याला भाव फुटला त्याची गोष्ट : पार्श्वभूमी

इथेरियम या ब्लॉकचेनचं सध्याचं मोठं उघडं टेस्टनेट (बदल आधी तपासून बघायचं, फुकटच्या नाण्यांवर चालणारं सरावाचं जाळं) म्हणजे हूडी. हे नाव बंगळुरूच्या एका मेट्रो स्थानकाचं आहे. आधीच्या टेस्टनेटांची नावं लंडन, स्टॉकहोम, बर्लिन, अथेन्स, प्राग अशा शहरांतल्या स्थानकांवरून आली होती. जळगाव-धुळ्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या मुलांना यादीतलं ओळखीचं वाटेल असं हे पहिलंच नाव. पण या यादीतली जुनी नावं का पुसली गेली, हे कळल्याशिवाय हूडी का उभं राहिलं ते कळत नाही. ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांनी मिळून सांभाळलेली व्यवहारांची वही, ब्लॉक म्हणजे तिचं एक पान, आणि व्हॅलिडेटर म्हणजे नाणी अनामत ठेवून त्या पानांवर मत देणारा, एवढं धरून चालतो.

सुरुवातीचा काळ थोडक्यात आटोपतो. बिटकॉइनचं टेस्टनेट 2010 मधलं. त्यातली फुकट नाणी लोक खऱ्या पैशाला विकायला लागले म्हणून ते पुढच्याच वर्षी नव्याने सुरू करावं लागलं. म्हणजे दुखणं जन्मजात आहे. इथेरियमचं मॉर्डन 2015 चं. वेगवेगळ्या क्लायंटांचं (जाळं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं) त्यावर एकमत होईना, म्हणून नोव्हेंबर 2016 मध्ये रॉप्स्टेन आलं. ते मायनिंगवर, म्हणजे वीज जाळून गणितं सोडवत ब्लॉक बनवण्यावर चालायचं, पण ज्या नाण्याला किंमत नाही त्यासाठी वीज कोण जाळणार? राखण करणारे थोडे, त्यामुळे फेब्रुवारी 2017 मध्ये कुणीतरी ब्लॉकची गॅस मर्यादा (एका ब्लॉकमध्ये किती काम मावेल ती) 47 लाखांवरून 9 अब्जांवर नेली आणि अजस्र व्यवहार टाकून जाळं बंद पाडलं. मग काही आठवड्यांत कोवान आणि रिंकबी आली. त्यांत ब्लॉक बनवायचा अधिकार ठरावीक ओळखीच्या मंडळींनाच होता. जानेवारी 2019 मधलं गोर्लीही त्याच पठडीतलं, फक्त ते अनेक क्लायंटांवर एकत्र चालायचं, आणि म्हणूनच ते सर्वांत जास्त वापरलं गेलं.

आता मुद्द्याचं. ओळखीच्या मंडळींनी ब्लॉक बनवायचे या पद्धतीत ब्लॉकमागे बक्षीस नसतं. त्यामुळे गोर्लीत नवी नाणी निघतच नव्हती. जेवढी होती ती पहिल्या दिवशीच वाटून मोजक्या पत्त्यांवर ठेवलेली. बाकीच्यांनी फॉसेटसमोर, म्हणजे फुकट नाणी वाटणाऱ्या वेबसाइटसमोर, रांग लावायची. वापर वाढला तशी नाणी आटली. 15 सप्टेंबर 2022 ला इथेरियमचं मूळ जाळं मायनिंग सोडून प्रूफ ऑफ स्टेकवर, म्हणजे व्हॅलिडेटरांच्या मतांवर गेलं; या बदलाला मर्ज म्हणतात. त्याआधीची शेवटची रंगीत तालीम ऑगस्टमध्ये गोर्लीवरच झाली होती. व्हॅलिडेटर चालवून बघायला 32 नाणी लागतात, आणि फॉसेट दिवसाला एक नाणंसुद्धा द्यायला कुरकुरायचं.

फेब्रुवारी 2023 मध्ये एका कंपनीने दोन जाळ्यांमध्ये नाणी ने-आण करणारा पूल उभारला. खरं इथर (मूळ जाळ्यावरचं नाणं) देऊन गोर्लीची नाणी विकत घेण्याची सोय झाली, आणि नाण्याचा भाव एका डॉलरच्या वर गेला. जळगावच्या सराफ बाजारात पितळेच्या नमुन्याला भाव फुटावा, तसा हा प्रकार. पूल उभारणाऱ्यांचं म्हणणं होतं की नाणी आधीपासून चोरून विकली जातच होती, आम्ही ती उघड्यावर आणली, आता गरजूला फॉसेटसमोर ताटकळावं लागणार नाही. विरोधकांचं म्हणणं होतं की भाव आला की साठेबाज येतात, फॉसेट लुटले जातात आणि चाचणी करणाराच उपाशी राहतो. पहिल्या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही, पण भाव फुटल्यावर फॉसेटांचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. नव्या खात्याला नाणं मिळणं जवळजवळ बंद झालं.

उपाय दोन होते. एक, पुढच्या अपग्रेडमध्ये गोर्लीत हवी तेवढी नाणी ओतायची, म्हणजे भाव आपोआप मातीमोल होईल. दोन, गोर्ली सोडून द्यायचं आणि नवं जाळं उभारायचं. निवडला दुसरा उपाय. प्रोटोकॉलच्या शिस्तीच्या बाजूने पाहिलं तर ते बरोबर असेलही, कारण टंचाई आली की नाणी छापायची असा पायंडा टेस्टनेटवरही नको, असं म्हणता येतं. पण नवं जाळं म्हणजे जुन्या प्रत्येक काँट्रॅक्टचा (जाळ्यावर ठेवलेल्या प्रोग्रामचा) पत्ता बाद. ज्यांच्या अंतिम वर्षाच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये गोर्लीचे पत्ते छापले गेले त्यांच्या मेहनतीचा हिशेब या चर्चेत कुणी धरला नाही. माझ्या मते नाणी ओतण्याचा पर्याय निदान वर्षभर तरी वापरून पाहायला हवा होता.

इकडच्या मुलांना त्याची झळ जास्त बसली, याचं कारणही तेव्हाचंच. लुटारूंना आवरायला अनेक फॉसेटांनी अट घातली की मूळ जाळ्यावर तुमच्या खात्यात थोडं खरं इथर दिसलं पाहिजे. अट 0.001 इथरची, म्हणजे किरकोळ रकमेची. पण भारतात 1 एप्रिल 2022 पासून आभासी मालमत्तेच्या नफ्यावर 30 टक्के कर आणि 1 जुलैपासून व्यवहारावर 1 टक्का टीडीएस लागू आहे. शिरपूर किंवा चोपड्याच्या विद्यार्थ्याने फुकटच्या नाण्यासाठी आधी एक्स्चेंजवर केवायसी करायचं, मग घरी वडिलांना समजावायचं की हा सट्टा नाही. दुसरा मार्ग ब्राउझरमध्ये मायनिंग करून नाणी देणाऱ्या फॉसेटचा. भुसावळच्या मे महिन्यात, पारा 45 वर असताना, तो लॅपटॉपला किती मानवतो हे वेगळं सांगायला नको.

गोर्लीनंतरच्या वाटण्या अशा : ॲप लिहिणाऱ्यांसाठी सेपोलिया, व्हॅलिडेटरवाल्यांसाठी होलेस्की. सेपोलियाचे व्हॅलिडेटर निवडक, बाहेरच्याला प्रवेश नाही. होलेस्की मात्र उघडं, आणि टंचाईचा धडा घेऊन त्यात 1.6 अब्ज नाणी सुरुवातीलाच ठेवलेली. ते मर्जच्या पहिल्या वाढदिवशी, 15 सप्टेंबर 2023 ला सुरू व्हायचं होतं. जेनेसिसच्या (पहिल्या ब्लॉकच्या) सेटिंगमधल्या चुकीमुळे मुहूर्त हुकला आणि 28 तारखेला पुन्हा नारळ फोडावा लागला.

होलेस्कीचा शेवटही सेटिंगनेच केला. 24 फेब्रुवारी 2025 ला पेक्ट्रा अपग्रेडची चाचणी झाली तेव्हा गेथ, नेदरमाइंड आणि बेसू या तीन क्लायंटांत होलेस्कीच्या डिपॉझिट काँट्रॅक्टचा (व्हॅलिडेटरची अनामत जिथे जमा होते त्याचा) पत्ता चुकीचा बसलेला होता. हे तिघे मिळून बहुमत, म्हणून चुकीच्या ब्लॉकला बहुमताची मान्यता मिळाली. एरिगॉन आणि रेथ बरोबर होते, पण अल्पमतात. चुकीच्या बाजूला मत दिलेल्या व्हॅलिडेटरने घाईने बाजू बदलली तर दुहेरी मतदानाचा दंड, गप्प बसला तर गैरहजेरीची कपात. जाळं पुन्हा फायनलाइज व्हायला, म्हणजे ब्लॉकांवर कायमचं शिक्कामोर्तब व्हायला, 10 मार्च उजाडला. तोवर बाहेर पडणाऱ्या व्हॅलिडेटरांची रांग इतकी लांबली की एक्झिटची चाचणी घ्यायची तर वर्षभर थांबा. म्हणून 17 मार्चला हूडी सुरू झालं, 26 ला त्यावर पेक्ट्रा पार पडलं आणि 7 मे ला ते मूळ जाळ्यावर गेलं. मूळ जाळ्याचा पत्ता मुळात बरोबर होता, पण बहुमताच्या क्लायंटांत एकच चूक असली तर काय होतं, हे फुकटच्या नाण्यांवर कळलं, हे बरंच झालं.

फुसाका अपग्रेडची होलेस्कीवरची चाचणी 1 ऑक्टोबर 2025 ला झाली आणि त्यानंतर ते बंद करायचं हे आधीच जाहीर होतं. सेपोलिया अजूनही बंद दाराचंच आहे. हूडीवर 32 नाणी जमवली की कुणालाही व्हॅलिडेटर चालवता येतो. मळ्यातल्या घरी, शेतीच्या फीडरवर आठ तास वीज असणाऱ्यालाही, कारण गैरहजेरीत कापली जाणारी नाणी तिथे फुकटची आहेत. आणि ज्याच्याकडे मशीनच नाही त्याच्यासाठी क्लायंटांच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइल उघड्या पडलेल्या आहेत. होलेस्की ज्या ओळीने पाडलं ती अशाच एका फाइलमध्ये होती, आणि मोबाइलच्या डेटावर वाचता येण्याजोगी होती.