काठमांडूला निघण्याआधी: आधार कार्डाबद्दल एवढं वाचाच

सप्रेम नमस्कार,

काठमांडूच्या चौकशीचा फोन आला की हा प्रश्न ठरलेलाच: "नेपाळला व्हिसा लागत नाही, मग आधार चालेल ना?" व्हिसा लागत नाही, हे खरं. पण विमानाने जायचं तर वैध पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र लागतं. या कामी आधार चालत नाही.

घोटाळा होतो तो दिल्लीमार्गे जाणाऱ्यांचा. पुणे-दिल्ली प्रवास आधारवर बिनबोभाट होतो, त्यामुळे कुणाला शंकाच येत नाही. दिल्लीला काठमांडूच्या काउंटरवर मात्र बोर्डिंग पास मिळत नाही. पासपोर्ट पुण्याच्या कपाटात, बॅगा हातात, आणि बाकीचा ग्रुप पुढे निघालेला. तिथे आमचा टूर मॅनेजरही काही करू शकत नाही.

सवलत आहे ती १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्या प्रवाशांना. त्यांना आधार चालतं. म्हणजे आजोबा आधारवर जातात आणि त्यांना सांभाळायला निघालेला मुलगा अडकतो! १५ ते १८ वयाच्या मुलांना पासपोर्ट नसेल तर मुख्याध्यापकांचं ठरावीक नमुन्यातलं ओळख प्रमाणपत्र लागतं. ते सुट्टी लागण्याआधीच घ्या, मे महिन्यात शाळेत कुणी भेटत नाही.

म्हणूनच कागदपत्रं पाहिल्याशिवाय आम्ही आगाऊ रक्कम घेत नाही. काहींना ही अडवणूक वाटते. पण तिकिटावरचं नाव आणि कार्डावरचं नाव आम्ही अक्षर न् अक्षर ताडून बघतो, आणि फरक असेल तर तो तिकीट काढण्याआधीच निस्तरता येतो.

पैशांचं सोपं आहे. आपल्या १०० रुपयांचे १६० नेपाळी रुपये, हा दर १९९३ पासून कायम आहे. शंभराच्या नोटा भरपूर ठेवा. त्याहून मोठ्या नोटांचे नियम बदलत आले आहेत, निघण्याआधी आम्हाला विचारा.

पशुपतिनाथाचं दर्शन सोमवारीच हवं, असा अनेकांचा आग्रह असतो. सोमवारी आणि तिथल्या सुट्टीच्या शनिवारी गर्दी फार असते, ज्येष्ठांचे हाल होतात. म्हणून आम्ही मधला वार धरतो आणि सकाळी लवकर नेतो. चामड्याचा पट्टा, पाकीट हॉटेलवरच ठेवा. मुख्य मंदिराच्या आवारात फोटो काढता येत नाहीत.

आणखी एक. बहुतेक सहलींत काठमांडूजवळचं भक्तपूर शहर तासाभरात उरकतात, आम्ही तिथे पूर्ण दिवस देतो. मल्ल राजांच्या काळात काठमांडू, पाटण आणि भक्तपूर ही तीन वेगळी राज्यं होती. प्रत्येकाचा राजवाड्यापुढचा दरबार चौक वेगळा. त्यातला एकच बघून परतलं तर काठमांडूचं खोरं अर्धंही कळत नाही. भक्तपूरचं न्यातापोल हे १७०२ सालचं पाचमजली मंदिर १९३४ आणि २०१५ च्या दोन्ही भूकंपांत उभं राहिलं. पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना तळाशी पहिलवान, त्यांच्या वर हत्ती, मग सिंह अशा मूर्तींच्या जोड्या चढत जातात. त्या पायऱ्यांवर निवांत बसा आणि खाली उतरून मातीच्या वाडग्यातलं जूजू धौ, म्हणजे तिथलं घट्ट गोड दही, जरूर खा. ते आमच्या पॅकेजमध्येच आहे.

तारीख ठरवण्याआधी घरातल्या सगळ्यांच्या कागदपत्रांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. तपासून देण्याचे पैसे नाहीत, आमच्याबरोबर येणार नसलात तरीही.