संघटित खंडणीखोरीविरोधी कायदे व त्यांतील सुधारणा

टोळी बांधून आणि धाकदपटशा किंवा हिंसेच्या बळावर सातत्याने आर्थिक लाभ उकळणाऱ्यांना आवर घालणारे फौजदारी व दिवाणी कायदे आणि त्यांत वेळोवेळी झालेले बदल. मराठवाड्यात हा विषय मुख्यतः खंडणी, गोदावरीच्या पात्रातील बेकायदा वाळूउपसा आणि अवैध सावकारी यांच्या संदर्भात येतो.

या कायद्यांचे मूळ दोन ठिकाणी शोधता येते. एक म्हणजे वाटसरूंना लुबाडून ठार मारणाऱ्या ठगांविरुद्धचा 1836 चा ठगीविषयक कायदा. ठगांच्या टोळीत सामील असल्याचे सिद्ध झाले, की एखादा ठरावीक खून शाबीत न होताही या कायद्याने सक्तमजुरीची जन्मठेप देता येई. ठगीविरोधी मोहीम निजामाच्या मुलखातही पोहोचली होती. ठगांची प्रतिमा रूढ करणाऱ्या लेखकांपैकी मेडोज टेलर पुढे 1850 च्या दशकात नळदुर्गच्या कारभारावर होता. मात्र या प्रतिमेत वसाहतकालीन अतिशयोक्ती किती, याबद्दल इतिहासकारांत एकमत नाही. दुसरे मूळ अमेरिकेच्या 1970 च्या ‘रिको’ या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यात दिसते. ‘रिको’त दहा वर्षांच्या अंतरात घडलेली किमान दोन गुन्हेगारी कृत्ये लागतात, तर महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण अधिनियम, 1999 (मकोका) यात मागील दहा वर्षांत दाखल झालेली व न्यायालयाने दखल घेतलेली एकाहून अधिक दोषारोपपत्रे पुरतात. हे साम्य पाहता दुसरे मूळ अधिक ग्राह्य वाटते. तथापि सदस्यत्वालाच शिक्षापात्र ठरवण्याची रीत ठगीच्या कायद्याइतकी जुनी आहे.

‘मकोका’ने पोलीस अधीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यापुढील कबुलीजबाब पुराव्यात ग्राह्य मानला, दोषारोपपत्राची मुदत 180 दिवसांपर्यंत वाढवण्याची सोय केली आणि जामिनाच्या अटी कडक केल्या. ‘मकोका’तील दूरध्वनी वगैरेंवरील संभाषण चोरून टिपण्याविषयीची कलमे मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली होती. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये ती वैध ठरवली. त्याआधी 2005 मध्ये जामिनाच्या तरतुदीचा अर्थ ताणून लावू नये, असा दृष्टिकोन त्याच न्यायालयाने घेतला होता. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 111 ने संघटित गुन्हा देशभर दंडनीय झाला; त्यात खंडणी व जमीन बळकावणे यांचा स्पष्ट उल्लेख असला, तरी ‘मकोका’ची विशेष कार्यपद्धती नाही. डिसेंबर 2024 मध्ये केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. पवनचक्की कंपनीकडे खंडणी मागितल्याच्या आरोपाशी जोडलेल्या या प्रकरणात ‘मकोका’ लावण्यात आला.

दिवाणी बाजू त्या मानाने दुबळी आहे. ‘रिको’त नुकसान झालेल्या व्यक्तीला स्वतः दावा लावून तिप्पट भरपाई मागता येते, ‘मकोका’त मालमत्तेची जप्ती असली, तरी असा खासगी दावा नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीच्या नव्या कायद्याच्या) कलम 107 नुसार गुन्ह्यातून मिळालेली मालमत्ता जप्त करून जिल्हादंडाधिकाऱ्यामार्फत पीडितांत वाटता येते, ही सुधारणा त्या दिशेने पडलेले पाऊल मानता येईल. मराठवाड्यातील शेतकऱ्याला अधिक जवळचा कायदा मात्र महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 हा होय: कर्जापोटी सावकाराने खरेदीखत करून घेतलेली जमीन, व्यवहार पंधरा वर्षांच्या आतील असल्यास, चौकशीअंती जिल्हा निबंधक परत देववू शकतो. वाळूतस्करांना 1981 च्या राज्याच्या प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याखाली स्थानबद्ध करता येते; ही तरतूद नंतरच्या दुरुस्तीने आली.