शुद्धता (कॅथलिक सद्गुण)

शुद्धता हा माणसाच्या लैंगिक ओढीला प्रेमाच्या आणि जबाबदारीच्या वळणावर आणणारा सद्गुण मानला जातो. मध्ययुगातले धर्मपंडित संत थॉमस अक्विनस यांनी तो संयमाच्या पोटात धरला. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात, म्हणजे चर्चच्या अधिकृत शिकवणीच्या संग्रहात, त्याची चर्चा दहा आज्ञांपैकी सहाव्या आणि नवव्या आज्ञेखाली येते. सहावी आज्ञा व्यभिचाराला मनाई करते, नववी परस्त्रीच्या अभिलाषेला. डोंगरावरील प्रवचनात येशूने तर स्त्रीकडे वासनेने पाहणाऱ्या पुरुषाने मनात व्यभिचार केलाच, असे बजावले. जाब आधी पाहणाऱ्याला विचारला आहे, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

या सद्गुणाकडे इथे खानदेशातून पाहू. तिथले जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे जिल्हे १९८७ साली पुणे धर्मप्रांतातून (बिशपच्या अखत्यारीतल्या प्रदेशातून) वेगळ्या झालेल्या नाशिक धर्मप्रांतात मोडतात. खानदेशातला कॅथलिक समाज लहान आहे. भुसावळला रेल्वेच्या नोकरीमुळे स्थिरावलेली गोवेकर आणि अँग्लो-इंडियन कुटुंबे त्यात होती, शिवाय आदिवासी भागातले श्रद्धावंत. नवापूर, चिंचपाडा पट्ट्यात प्रॉटेस्टंट मिशनचे काम जुने. भुसावळची एक कॉन्व्हेंट शाळा सेंट अलॉयसिअस यांच्या नावाची आहे. अलॉयसिअस गोंझागा (१५६८–१५९१) हे तरुणांचे आश्रयदाते संत. शुद्धतेचा आदर्श म्हणून चित्रांत त्यांच्या हाती लिली दाखवतात, पण त्यांचा मृत्यू रोममध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना लागण होऊन झाला. स्वतःला जपणे आणि दुसऱ्यासाठी झिजणे त्यांच्या आयुष्यात एकच होते.

हा सद्गुण फक्त फादर-सिस्टरांसाठी आहे, असा समज सर्रास आढळतो. धर्मशिक्षणग्रंथानुसार तो प्रत्येक बाप्तिस्मा झालेल्या व्यक्तीचा आहे. व्रतस्थांनी तो ब्रह्मचर्याने पाळायचा, अविवाहितांनी संयमाने, नवराबायकोंनी निष्ठेने. वैवाहिक शरीरसंबंध चर्च चांगला आणि पवित्र मानते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ ते १९८४ या काळात बुधवारच्या भेटींमधून दिलेल्या प्रवचनमालेत देह ही देणगी आहे, दुसऱ्याचा देह वापरून टाकण्याची वस्तू नव्हे, हे सविस्तर मांडले. संततिनियमनाबाबत पोप पॉल सहावे यांच्या १९६८ च्या परिपत्रकाने कृत्रिम साधनांना नकार दिला. त्यावरचा वाद अजून शमलेला नाही.

या सद्गुणाचा सर्वांत घातक विपर्यास पीडित स्त्रीच्या बाबतीत होतो. इटलीतील मारिया गोरेत्ती ही अकरा वर्षांची शेतमजुराची मुलगी. १९०२ साली तिने अत्याचाराला विरोध केला तेव्हा शेजारच्या तरुणाने तिला भोसकले. मरण्यापूर्वी तिने त्याला क्षमा केली. १९५० मध्ये तिला संत घोषित केले तेव्हा तिची आई समारंभाला हजर होती. ही कथा मुलींना सांगताना ‘जीव गेला तरी चालेल, अब्रू जाता कामा नये’ असा अर्थ काढला जातो, आणि तो चूक आहे. रोमच्या लुटीत (४१०) बलात्कार झालेल्या स्त्रियांविषयी संत ऑगस्टीन यांनी ठाम लिहिले आहे: शुद्धता इच्छाशक्तीत वसते, दुसऱ्याच्या बळजबरीने ती हिरावली जात नाही. मारियाच्या पावित्र्याला त्या तरुणाने काही केले असते तरी धक्का लागला नसता.

खानदेशाला हे ऐकण्याची निकड आहे. १९९४ साली जळगावचे वासनाकांड उघडकीस आले. मुलींची छायाचित्रे काढून त्यांना धमकावले जात होते, आणि कित्येकींनी तक्रार देण्याचे टाळले. ‘बाईची अब्रू म्हणजे काचेचं भांडं’ असे घराघरांत म्हटले जात असताना दुसरे काय होणार? धमकीची ताकद फोटोत कमी, या समजुतीत जास्त होती. तेव्हा कॅमेरा होता, आता प्रत्येक खिशात मोबाइल आहे. धर्मशिक्षणग्रंथ अश्लील चित्रणाला गंभीर अपराध म्हणतो, कारण त्यात माणूस दुसऱ्याच्या करमणुकीचा माल होतो. बघणारा, बनवणारा आणि विकणारा, तिघेही त्यात जबाबदार धरले आहेत.

याच ग्रंथात एक वाक्य आहे, ज्याकडे प्रवचनांत फार लक्ष दिले जात नाही: ख्रिस्ती शुद्धतेला समाजाची हवाही शुद्ध व्हावी लागते. नंदुरबार-धुळ्याकडून गुजरातेत जाणाऱ्या ऊसतोडीच्या टोळ्यांत याचा अर्थ उघड दिसतो. मजूर मोजला जातो ‘कोयत्या’ने, म्हणजे बहुधा नवराबायकोच्या जोडीने. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळवायची तर जोडी हवी, म्हणून लग्नाची घाई. तळावर प्लास्टिकच्या कोप्या असतात आणि आडोशाला काठ्यांवर ताणलेली जुनी साडी. तिच्यामागे बाई पहाटेच्या अंधारात, गड्यांना जाग यायच्या आत, अंघोळ उरकते. तिला शालीनतेचे पाठ द्यायची गरज नाही. तिला भिंत हवी, कडी लागणारे दार हवे, आणि अठरा वर्षांआधी तिचे लग्न लावू नये. चर्चच्या लग्नपूर्व तयारी वर्गात मुलामुलीच्या स्वखुशीने दिलेल्या संमतीवर भर असतो. संमती नसेल तर धर्मकायद्यानुसार विवाह होतच नाही.

चर्चच्या अधिकाराला स्वतःच्या घरातील लैंगिक अत्याचारांनी जबर तडा गेला आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली धर्मगुरू आणि व्रतस्थांना अशा तक्रारी वरिष्ठांकडे कळवणे बंधनकारक केले, आणि त्या दडपणाऱ्या बिशपांच्या चौकशीचीही तरतूद केली. भारतात अल्पवयीनांवरील लैंगिक गुन्ह्यांना २०१२ चा पोक्सो कायदा लागू होतो. त्यानुसार माहिती असणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना कळवले पाहिजे, आणि यातून शाळेचे मुख्याध्यापक किंवा फादर यांना सूट नाही.