चेशायरच्या पदकामागची चार वर्षं

व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक बहुतेक वेळा एखाद्या प्रसंगासाठी दिलं जातं. अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, चालू गोळीबारात अमुक केलं, असा त्याच्या मानपत्राचा थाट. सप्टेंबर १९४४ मध्ये ब्रिटिश हवाई दलातल्या विंग कमांडर लेनर्ड चेशायर या बॉम्बर वैमानिकाला ते जाहीर झालं, तेव्हा मानपत्रात गौरव होता तो चार वर्षांच्या लढाईचा आणि शंभर मोहिमांचा.

शंभर हा आकडा किती मोठा, ते बॉम्बर कमांडचा, म्हणजे हवाई दलाच्या बॉम्बफेकी विभागाचा, हिशेब पाहिल्यावर कळतं. तिथे पहिली 'टूर' साधारण ३० मोहिमांची असे. ती जिवंतपणी पुरी झाली की काही महिने नवशिक्यांना शिकवायचं आणि मग दुसरी टूर. युद्धभरात सुमारे सव्वा लाख विमानकर्मी या कमांडमधून उडाले, सगळे स्वखुशीने आलेले. त्यातले ५५,५७३ मेले. चेशायरने चार टूर केल्या.

ऑक्सफर्डला कायदा शिकताना तो विद्यापीठाच्या हवाई तुकडीत उडायला शिकला आणि जून १९४० मध्ये १०२ स्क्वाड्रनमध्ये दाखल झाला. वाट्याला आलं व्हिटली हे संथ, दोन इंजिनांचं विमान. त्या नोव्हेंबरात जर्मनीतल्या कोलोनवर एक तोफगोळा थेट विमानाच्या पोटात फुटला, आतली फ्लेअर (उजेडासाठी टाकायचा दिवा) पेटली, एक बाजू फाटून उघडी पडली. आत इतका काळा धूर की समोरची यंत्रं दिसेनात. वायरलेस ऑपरेटर भयंकर भाजला होता, तरी पुन्हा आपल्या यंत्राशी जाऊन बसला. विमान खाली कोसळत असताना चेशायरने ते सावरलं आणि इंग्लंडपर्यंत आणलं. वय २३.

पण रात्रीच्या अंधारात टाकलेले हे बॉम्ब पडत होते कुठे? ऑगस्ट १९४१ मध्ये विमानांतून काढलेल्या छायाचित्रांची सरकारी छाननी झाली. लक्ष्यावर बॉम्ब टाकले असं सांगणाऱ्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश विमानं लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोचली होती. यावर कमांडने काढलेला मार्ग म्हणजे अख्खी शहरं भाजून काढणं. चेशायरही त्या मोहिमांत उडाला, हे त्याच्या शौर्याबद्दल लिहिताना गाळता येत नाही.

१९४३ मध्ये तो हवाई दलातला सर्वांत तरुण ग्रुप कॅप्टन झाला. म्हणजे टेबलाचं काम. ते त्याला मानवेना. एक पायरी खाली उतरून, पुन्हा विंग कमांडर होऊन त्याने ६१७ स्क्वाड्रन घेतली. मे महिन्यात जर्मन धरणं फोडणारी हीच ती स्क्वाड्रन. त्या एका रात्रीत तिची १९ पैकी ८ विमानं गेली होती. पुढे सप्टेंबरात डॉर्टमुंड-एम्स कालव्यावर आठांतली पाच गेली, खुद्द स्क्वाड्रनप्रमुखासह.

इथे त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक साधी पण जिवावरची पद्धत बसवली. एकाने अगदी खाली जाऊन लक्ष्यावर रंगीत खुणेचे दिवे टाकायचे, बाकीच्यांनी वरून त्या खुणेवर बॉम्ब टाकायचे. फेब्रुवारी १९४४ मध्ये फ्रान्समधल्या लिमोजचा विमान-इंजिनांचा कारखाना हे लक्ष्य होतं. आत रात्रपाळीला फ्रेंच बायका होत्या. चार इंजिनांचं लँकेस्टर घेऊन चेशायर कारखान्याच्या छपरावरून तीन वेळा गेला, त्यांना पळायला वेळ मिळावा म्हणून. मगच खूण टाकली. कारखाना उद्ध्वस्त झाला. फ्रेंच माणसं फारच थोडी दगावली. एप्रिलमध्ये म्युनिकवर तो मॉस्किटो या हलक्या, दोन इंजिनांच्या विमानातून जेमतेम ७०० फुटांवर उतरला आणि परतताना बारा मिनिटं माऱ्यात होता. मानपत्रात म्युनिकचं वर्णन सविस्तर आहे. मला विचाराल तर लिमोजच्या त्या तीन फेऱ्या जास्त मोठ्या. शत्रूला सावध करून पुन्हा तिथेच जायला वेगळी छाती लागते.

जूनमध्ये त्याला खूण टाकण्यासाठी आणखी छोटं, चपळ विमान हवं झालं. अमेरिकनांनी मस्टँग हे एका वैमानिकाचं लढाऊ विमान दिलं, खोक्यांत भरलेलं. २५ जूनला तंत्रज्ञांनी ते घाईघाईने जोडलं. चेशायरने आयुष्यात मस्टँग उडवलं नव्हतं. पहिलंच उड्डाण थेट मोहिमेवर, फ्रान्समधल्या सिराकूरच्या, जर्मनांच्या उडत्या बॉम्बच्या कोठारावर. त्याने ते शोधलं, खूण टाकली आणि मस्टँग जमिनीवर उतरवण्याचा पहिला अनुभव अंधारात घेतला. ६ जुलैला मिमोयेकच्या तोफ-तळावर हल्ला झाला, लंडनवर मारा करण्यासाठी बांधलेल्या तोफा होत्या त्या. त्यानंतर वरिष्ठांनी त्याचं लढाऊ उड्डाण थांबवलं.

९ ऑगस्ट १९४५ ला नागासाकीवर बॉम्ब पडला तेव्हा ब्रिटनच्या दोन निरीक्षकांपैकी तो एक होता. १९४६ च्या जानेवारीत त्याने हवाई दल सोडलं. दोन वर्षांनी हॅम्पशरमधल्या आपल्या मोठ्या घरात त्याने कर्करोगाने मरणाला टेकलेल्या एका माजी हवाई सैनिकाला आणलं, कारण त्याला ठेवून घ्यायला दुसरं कोणी नव्हतं. अपंग आणि आजारी माणसांना सांभाळणाऱ्या पुढच्या चेशायर होम्सची, आपल्याकडच्यासुद्धा, सुरुवात या एका खाटेपासून झाली. शुश्रूषेचं शिक्षण त्याने घेतलेलं नव्हतं. आजाऱ्याला उठवणं, पुसणं, कूस बदलून देणं हे तो मस्टँगसारखंच करता करता शिकला.